सरस आणि सौंदर्य

सुताराच्या दुकानात मंद विस्तवावर ठेवलेले सरसाचे भांडे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचा उग्र वास सहसा विसरता येत नाही. जनावरांची कातडी, कंडरा आणि हाडे पाण्यात दीर्घकाळ उकळली म्हणजे जो चिकट द्रव निघतो, तो थिजला की सरस तयार होतो. लाकडाला लाकूड धरून ठेवणारा हा पदार्थ आणि प्रौढ स्त्रियांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या नाहीशा करण्याचे अभिवचन देणारी, सुंदर डब्यांतून विकली जाणारी कोलॅजेनची भुकटी, यांचे नाते अगदी सख्खे आहे. कोलॅजेन हा शब्दच मुळी सरसावरून आलेला आहे. ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणजे सरस, आणि कोलॅजेन म्हणजे ज्यापासून सरस निर्माण होतो ते द्रव्य.

श्रोतेहो, आज औषधांच्या दुकानांतून आणि जाहिरातींतून या भुकटीचा मोठा गाजावाजा चालू आहे. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला सांगितले जाते की, तुमच्या त्वचेतील कोलॅजेन कमी होत आहे, तेव्हा ते रोज चमचाभर घ्या म्हणजे गेलेले परत येईल. या विधानाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याचे काय, हा प्रश्न मात्र आजचा नाही. तो सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिस शहरात अत्यंत गांभीर्याने विचारला गेला होता, त्यावर दहा वर्षे चौकशी झाली होती, आणि त्या चौकशीतून जे शहाणपण हाती आले ते आजही उपयोगी पडण्यासारखे आहे. त्या इतिहासाचा थोडक्यात परामर्श घेण्याचा आज विचार आहे.

कातडी उकळून केलेला सरस स्त्रियांनी औषध म्हणून घ्यावा, ही कल्पना सर्वांत जुनी दिसते ती चीनमध्ये. शांतुंग प्रांतातील तुंग-अ या गावाच्या नावाने ओळखला जाणारा ‘अ-च्याव’ नावाचा सरस तेथील वैद्यकात दोन हजार वर्षांपासून परिचित आहे. आरंभी तो गाईबैलांच्या कातड्यापासूनही करीत, पुढे गाढवाच्या कातड्याला प्राधान्य मिळाले. रक्तवृद्धीसाठी, बाळंतपणानंतरच्या अशक्तपणासाठी आणि कांती टिकविण्यासाठी तो स्त्रियांना देत आले आहेत. आपल्या काळात त्याची मागणी इतकी वाढली की, गाढवांच्या कातड्यांचा व्यापार आफ्रिका खंडभर पसरला. ज्या गरीब कुटुंबांचे पाणी आणि सरपण गाढवाच्या पाठीवरून येते, त्यांची जनावरे चोरीला जाऊ लागली. अखेर २०२४ सालच्या फेब्रुवारीत आफ्रिकी संघाच्या राष्ट्रांनी कातड्यांसाठी होणाऱ्या गाढवांच्या कत्तलीवर पंधरा वर्षांची बंदी घालण्याचा निर्णय घेतला. एका ठिकाणच्या कांतीचे मोल दुसऱ्या ठिकाणी कोण कसे चुकवितो, याचे हे एक उदाहरण आहे.

तथापि आजच्या भुकटीची शास्त्रीय वंशावळ शोधायची तर युरोपात जावे लागते. डेनिस पापिन या फ्रेंच पदार्थवेत्त्याने लंडनमध्ये असताना घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले. वाफ आत कोंडून ठेवल्यामुळे त्यात उष्णता अधिक चढे, आणि कठीण हाडेसुद्धा मऊ पडत. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचा हा मूळपुरुष. १६८१ साली त्याने या यंत्रावर पुस्तक लिहिले, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्या भांड्यात शिजविलेल्या पदार्थांचे भोजन देण्यात आले. जॉन एव्हलिन या सभासदाने आपल्या रोजनिशीत त्या भोजनाचे कौतुकाने वर्णन केले आहे. गाईबकऱ्यांची कठीण हाडे चिजासारखी मऊ झाली होती, आणि हाडांपासून केलेली थिजवणी त्याला विशेष रुचकर वाटली. जी हाडे टाकून द्यावयाची, त्यांतून अन्न काढता येते, ही कल्पना येथून पुढे युरोपीय मनात घर करून बसली.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतरच्या दिवसांत या कल्पनेला मोठे भरते आले. युद्धे चालू होती, शहरांत गरिबांची संख्या वाढली होती, रुग्णालये आणि अनाथगृहे चालविणाऱ्यांसमोर मांसाच्या खर्चाचा प्रश्न उभा होता. अशा वेळी झां-पिएर-जोसेफ दार्से या रसायनज्ञाने हाडांतून जिलेटिन, म्हणजे शुद्ध केलेला सरसच, काढण्याच्या सुधारलेल्या रीती पुढे आणल्या. हेतू परोपकाराचाच होता. कसायाच्या दुकानातील टाकाऊ हाडांतून जर पौष्टिक कढण निघाले, तर गरिबांची अन्नचिंता कायमची मिटेल, असे त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना मनापासून वाटत होते.

१८१४ साली पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने या कढणाची परीक्षा घेतली. ती कशी घेतली, हे नीट पाहण्यासारखे आहे. रुग्णांचे कढण करण्यासाठी एरवी जेवढे मांस लागे, त्याचा चौथा हिस्सा कढणात घातला, आणि उरलेल्या भागाच्या जागी जिलेटिन घातले. वाचलेले तीन हिस्से मांस भाजून त्याच रुग्णांना खावयास दिले. रुग्ण संतुष्ट झाले, त्यांच्या प्रकृतीलाही अपाय झाला नाही. परीक्षकांनी अनुकूल अभिप्राय दिला, आणि जिलेटिनची कीर्ती वाढली. ज्याच्या पानात भाजलेले मांस पडले, तो रुग्ण संतुष्ट का झाला याचे उत्तर कढणात शोधण्याचे वास्तविक कारण नव्हते. पण नव्या शोधाच्या उत्साहात ही साधी गोष्ट मागे पडली.

पुढे १८२९ पासून पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात दार्सेच्या पद्धतीचे यंत्र चालू झाले, आणि इतर संस्थांतही त्याचे अनुकरण झाले. आता मात्र भाजलेल्या मांसाची जोड क्वचितच होती. काटकसर करणाऱ्या व्यवस्थापकांना मूळ परीक्षेतील अटी आठवण्याचे कारण नव्हते. कढण पातळ, बेचव आणि लवकर नासणारे आहे, अशा तक्रारी येऊ लागल्या. ओतेल-द्यू या प्रसिद्ध रुग्णालयातील वैद्यांनी १८३१ साली प्रतिकूल मत दिले. गानाल नावाच्या एका रसायनज्ञाने तर स्वतःवर आणि आपल्या कुटुंबीयांवर प्रयोग करून हा पदार्थ पोषक नाही असे जाहीर केले. गानाल स्वतः सरस तयार करण्याच्या धंद्यातला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

अखेर फ्रेंच विज्ञान अकादमीने चौकशी समिती नेमली. तिचे सूत्रधार होते फ्रांस्वा माझांदी, त्या काळचे अग्रगण्य शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १८१६ सालीच त्यांनी नुसत्या साखरेवर किंवा नुसत्या लोण्यावर ठेवलेली कुत्री जगत नाहीत, हे दाखविले होते. समितीचे काम सुमारे दहा वर्षे चालले आणि १८४१ साली अहवाल आला. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री काही दिवसांत ते खाणे सोडीत, त्यापेक्षा उपाशी राहणे पत्करीत, आणि खंगून मरत. मांसविक्रेत्यांच्या दुकानातील मसालेदार, चविष्ट थिजवणी दिली तरी परिणाम तोच. उलट कच्ची हाडे चघळणारी कुत्री दीर्घकाळ टिकून राहिली. म्हणजे हाडात पोषण होते, पण ते उकळून काढलेल्या सरसात नव्हते. हाडांपासून मांसाची जागा घेणारे अन्न काढता येत नाही, असा समितीचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षामागचे कारण कळण्यास आणखी साठ वर्षे लागली. म्युनिकच्या कार्ल फॉइट यांनी १८७२ च्या सुमारास दाखविले की, जिलेटिन अगदीच निरुपयोगी नाही. ते शरीरातील प्रथिनांची झीज काहीशी वाचविते, पण ती भरून काढू शकत नाही. १९०१ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स व कोल यांनी ट्रिप्टोफेन हे अमिनो आम्ल वेगळे केले, आणि कोड्याची किल्ली सापडली. प्रथिने ही वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ होय. त्यांतील काही मणी शरीर स्वतः घडवू शकत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागतात. ट्रिप्टोफेन हा असाच एक अत्यावश्यक मणी. जिलेटिनमध्ये तो मुळीच नाही. आपल्याकडील साधे डाळभात या दृष्टीने सरसापेक्षा कितीतरी परिपूर्ण अन्न आहे.

एकदा इतके सिद्ध झाल्यावर हा विषय संपायला हवा होता. तो संपला नाही. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट लिन या डॉक्टराचे वजन घटविण्यावरील एक पुस्तक निघाले आणि त्याचा लाखोंनी खप झाला. इतर सर्व अन्न वर्ज्य करून केवळ एक ‘द्रवरूप प्रथिन’ घ्यावे, असा त्याचा उपदेश होता. हे प्रथिन म्हणजे कातडी व कंडरा यांच्या कोलॅजेनचे तुकडे करून, त्याला रंग व चव आणून केलेले पेयच होते. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत या आहारावर असलेल्या सुमारे साठ व्यक्तींच्या मृत्यूंची चौकशी तेथील शासकीय यंत्रणांना करावी लागली. मृतांत बहुतांश स्त्रिया होत्या. अनेकींच्या हृदयाची लय अचानक बिघडली होती. माझांदींच्या कुत्र्यांनी ते अन्न नाकारले होते. माणसांनी मात्र पुस्तकावरील विश्वासाने ते घेतले. आज विकली जाणारी भुकटी दिवसाला काही ग्रॅम एवढीच, आणि नेहमीच्या जेवणाबरोबर घेतली जाते, तेव्हा तिच्यापासून असा धोका नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण १८४१ चा अहवाल ग्रंथालयात असणे आणि तो समाजाच्या स्मरणात असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता कोलॅजेन शरीरात करते काय, ते पाहू. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा कोलॅजेन असते. हाडांना लवचिक बळकटी, कंडरांना ताण सहन करण्याची शक्ती आणि त्वचेला भरीवपणा तेच देते. त्याची अंतर्गत रचना उलगडण्याचा मान भारताकडे आहे. गो. ना. रामचंद्रन १९५२ साली मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा ते अवघे तिशीचे होते. त्याच सुमारास मद्रासला आलेल्या जे. डी. बर्नल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांचे लक्ष कोलॅजेनच्या न सुटलेल्या कोड्याकडे वेधले. मद्रास हे चामड्याच्या व्यवसायाचे जुने केंद्र. केंद्रीय चर्मसंशोधन संस्थाही तेथेच. कांगारूच्या शेपटीतील कंडरेच्या तंतूंवर क्ष-किरण टाकून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्ता यांनी छायाचित्रे घेतली, आणि १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनची तीन पेडी रचना मांडली. पुढच्या वर्षी त्यांनी तिच्यात सुधारणा केली.

वेणीचे तीन पेड एकमेकांभोवती वळावेत, तशा प्रथिनांच्या तीन माळा येथे एकमेकींभोवती वळलेल्या असतात. प्रत्येक माळेत दर तिसरा मणी ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाचा. तो लहान असल्यामुळेच पेड घट्ट बसतात. फ्रान्सिस क्रिक व अलेक्झांडर रिच यांनी या प्रतिकृतीतील काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, असा आक्षेप घेतला. त्याचे निराकरण करताना रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूंमधील अंतरांचा जो पद्धतशीर अभ्यास केला, त्यातून १९६३ साली ‘रामचंद्रन आलेख’ जन्मास आला. प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास करणारा जगातील प्रत्येक विद्यार्थी आजही तो वापरतो.

ही घट्ट वेणी उकळली की तिचे पेड सुटतात, आणि जिलेटिन होते. त्याचे रासायनिक क्रियेने आणखी बारीक तुकडे केले की आजची पाण्यात सहज विरघळणारी भुकटी होते. पोटात गेल्यावर पाचकरस तिचे आणखी तुकडे करतात. म्हणजे डब्यातील कोलॅजेन तीन पेडी वेणीच्या रूपाने त्वचेपर्यंत कधीच जात नाही. त्वचेतील वेणी त्वचेतल्याच पेशी जागच्या जागी विणतात.

हे विणकाम जन्मभर चालू असते, आणि ते थांबले तर काय होते, याचे भीषण दर्शन खलाशांनी घडविले. १७४१ च्या सुमारास जॉर्ज अ‍ॅन्सन यांचा इंग्रजी नौकाताफा दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालीत असता खलाशांत स्कर्व्हीचा रोग पसरला. एका खलाशाला १६९० साली आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत जखमा झाल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी भरून आलेल्या त्या जखमा आता पुन्हा उघड्या पडल्या, आणि सांधलेले हाडही पुन्हा सुटले, अशी नोंद त्या प्रवासाच्या वृत्तांतात आहे. कारण कोलॅजेनची वेणी पक्की बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते नसले की जुने झिजत जाते, नवे बनत नाही. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या शल्यवैद्याने बारा रुग्णांच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला, तेव्हा संत्री व लिंबे खाणारी जोडीच झपाट्याने सुधारली. कोलॅजेन खाऊन नव्हे, तर कोलॅजेन घडविण्याचे साधन मिळून ते खलाशी बरे झाले. आपल्या घरातील आवळा, पेरू आणि लिंबू ही साधनेच होत.

मग मध्यम वयात स्त्रीच्या त्वचेत नेमके काय बदलते? १९४१ साली अमेरिकेतील फुलर ऑल्ब्राइट यांनी रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांची त्वचाही पातळ झालेली असते, हे नोंदविले. हाड आणि त्वचा या दोहोंतील समान द्रव्य कोलॅजेन, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते. १९८० नंतरच्या दशकात लंडनमध्ये ब्रिंकाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची मोजदाद केली. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, आणि पुढे दरवर्षी सुमारे २ टक्के घट चालू राहते. ही घट स्त्रीच्या वयापेक्षा रजोनिवृत्तीला किती वर्षे झाली याच्याशी अधिक निगडित असते, असे त्यांना आढळले. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आधार सुटतो, हे त्याचे कारण. तेव्हा प्रौढ स्त्रीला आरशात जो बदल दिसतो, तो केवळ मनाचा खेळ नव्हे. तिची चिंता थट्टेवारी नेणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

पण खऱ्या बदलाला खोटे औषध चिकटविणे सोपे असते. १९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टराने स्त्रीने कायम तरुण राहावे, असे सांगणारे पुस्तक लिहिले. रजोनिवृत्ती हा एक रोग असून इस्ट्रोजेन हे त्यावरील उत्तर आहे, अशी त्याची मांडणी होती. पुस्तक खूप खपले, गोळ्याही खपल्या. त्या गोळ्या तयार करणाऱ्यांचे आर्थिक साहाय्य त्याच्या कार्याला होते, ही गोष्ट पुढे उघड झाली. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत संयुक्त संप्रेरकोपचारामुळे स्तनांचा कर्करोग, पक्षाघात यांचा धोका वाढत असल्याचे दिसून आले आणि तो भाग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. रजोनिवृत्तीच्या त्रासावर योग्य वयात, वैद्याच्या देखरेखीखाली हे उपचार आजही दिले जातात, आणि त्यांना तेथे स्थान आहे. परंतु आयुष्याच्या एका नैसर्गिक टप्प्याला व्याधी ठरवून तिच्यावर आजन्म ग्राहक मिळविण्याचा तो प्रकार वेगळा होता.

आजच्या भुकटीकडे या पार्श्वभूमीवर पाहू. तिच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, ते प्रथम सांगितले पाहिजे. २००५ साली जपानी संशोधकांनी जिलेटिनचे तुकडे खाणाऱ्या माणसांच्या रक्तात कोलॅजेनमधील दोन मण्यांचे काही जोड न फुटता उतरलेले दाखविले. म्हणजे सर्वच कोलॅजेन पोटात पूर्ण विरघळते, हे विधानही शब्दशः खरे नाही. हे जोड त्वचेतील पेशींना नवे विणकाम करण्याचा संकेत देत असावेत, असे तर्क पुढे आले. २०१४ साली ३५ ते ५५ वर्षे वयाच्या ६९ स्त्रियांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, आणि भुकटी घेणाऱ्यांच्या त्वचेची लवचिकता वाढल्याचे प्रसिद्ध झाले. २०२१ साली १९ चाचण्यांतील १,१२५ व्यक्तींची माहिती एकत्र करून असाच अनुकूल अभिप्राय देण्यात आला.

दुसरी बाजू अशी. २०१३ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशाच एका उत्पादनाचा त्वचेच्या लवचिकतेविषयीचा दावा तपासला, आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असा निर्णय दिला. २०२५ साली २३ चाचण्यांचा आणि १,४७४ व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध झाला. सर्व चाचण्या एकत्र धरल्या, तर त्वचेचा ओलावा, लवचिकता आणि सुरकुत्या या तिन्ही बाबतींत भुकटीचा गुण दिसत होता. मग संशोधकांनी चाचण्यांची निवड दोन प्रकारे केली. ज्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता, अशा चाचण्या वेगळ्या काढल्या, तर गुण नाहीसा झाला. ज्या अधिक काटेकोर होत्या, त्या वेगळ्या काढल्या, तरीही गुण नाहीसा झाला. त्वचेचे वार्धक्य रोखण्यासाठी ही भुकटी घ्यावी, असे म्हणण्यास आज पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

येथे पॅरिसचे ते भाजलेले मांस आठवल्यावाचून राहत नाही. आजच्या अनेक भुकट्यांत कोलॅजेनबरोबर क जीवनसत्त्व, जस्त आणि इतर कितीतरी द्रव्ये घातलेली असतात. अशी भुकटी घेऊन कोणाला गुण आला, तर त्याचे श्रेय कोणाला द्यावयाचे? १८१४ च्या परीक्षकांनी हा प्रश्न विचारला नाही, म्हणून पुढची पंचवीस वर्षे रुग्णांना निःसत्त्व कढण प्यावे लागले. त्या काळी चुकीचा भार गरिबांच्या पोटावर पडला. आज तो मध्यमवर्गीय स्त्रीच्या मासिक खर्चावर पडतो, आणि पुष्कळदा तिच्या पानातील दूध, डाळ, अंडी, फळे यांच्या वाट्याचा पैसा त्या डब्यात जातो. म्हणून असा डबा हाती आला तर तीन प्रश्न विचारावेत. गुण आला तो कशाच्या तुलनेत? सोबत आणखी काय दिले होते? आणि चाचणीचा खर्च कोणी केला?

शाकाहारी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कोलॅजेन हे केवळ प्राण्यांच्या शरीरात असते, वनस्पतींत ते नाही. बाजारातील कोलॅजेन माशांची कातडी व खवले, किंवा गुरे आणि डुकरे यांची कातडी व हाडे यांपासून येते. ‘वनस्पतिजन्य कोलॅजेन’ म्हणून जे विकले जाते, त्यात बहुधा जीवनसत्त्वे व वनस्पतींचे अर्क असतात. नाव कोलॅजेनचे असले, तरी आत कोलॅजेन नसते. तेव्हा डब्यावरील बारीक अक्षरे वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

मग त्वचेसाठी काहीच करता येत नाही का? येते, पण ते इतके साधे आहे की त्याची जाहिरात फारशी होत नाही. त्वचेतील कोलॅजेनचा मोठा शत्रू सूर्यप्रकाश आहे, आणि दुसरा तंबाखूचा धूर. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे दोन गट पाडून एक चाचणी झाली. पंचावन्न वर्षांखालील ९०३ प्रौढांच्या हातांच्या त्वचेचे बारकाईने निरीक्षण केले गेले. ज्यांना रोज न चुकता ऊनरोधक मलम लावण्यास सांगितले होते, त्यांच्या त्वचेचे वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. हे फळ २०१३ साली प्रसिद्ध झाले. जिला महाग मलम परवडत नाही, तिला डोक्यावरचा पदर, ओढणी आणि छत्री यांचा उपयोग आपल्या आज्यापणज्यांइतकाच आजही आहे.

सरसाचा हा साडेतीनशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे एक समजूत वारंवार डोके वर काढताना दिसते. जो पदार्थ शरीरात कमी पडला, तोच खाल्ला की तो आपोआप आपल्या जागी जाऊन बसेल, ही ती समजूत. शरीर इतके भोळे नाही. ते अन्नाचे मणी सुटे करते, आणि आपल्या गरजेप्रमाणे, आपल्या गतीने पुन्हा ओवते. त्याला चौरस अन्न, क जीवनसत्त्व आणि उन्हापासून थोडी सावली दिली म्हणजे आपला बहुतेक वाटा पुरा होतो. उरलेला बदल हा वयाचा असतो. तो घडला म्हणून कोणत्याही स्त्रीने स्वतःला रोगी समजण्याचे कारण नाही, आणि तसे तिला समजावयास लावणाऱ्याच्या हाती आपली थैली देण्याचे तर मुळीच नाही.